प्लायची पेटी

थोरल्याने न विचारता फळी कापली हे बाईंना कळलं दहाव्या दिवशी, आणि तेही पॉलिशवाल्या काकांच्या तोंडून. म्हणजे घरातली गोष्ट घरच्या मालकिणीला बाहेरच्याने सांगायची. यापेक्षा वाईट मुलगा आईशी वागू शकत नाही, असं बाईंचं मत होतं. वागू शकत असेल, तर ते अजून थोरल्याला सुचलं नव्हतं, एवढंच.

“तुझ्या नवऱ्याला देवाने जीभ दिलीय की नाही?” चहाचा कप पुढे आल्या आल्या त्यांनी थोरल्या सुनेला विचारलं.

“दिलीय की. दातांच्या मागे ठेवलीय,” थोरली म्हणाली. एकोणीस वर्षं या घरात काढल्यावर सासूचा कोणता प्रश्न उत्तरासाठी असतो आणि कोणता नुसता फेकण्यासाठी, हे तिला चांगलं कळत होतं.

“बावीस वर्षं ती फळी भिंतीला टेकून होती. सागाची. एक गाठ नाही, एक चीर नाही. ह्यांनी स्वतः बाजूला काढलेली. म्हणाले होते, निवांतपणा मिळाला की आपल्याच जेवणाचं टेबल करू. निवांतपणा काही मिळाला नाही. सुताराच्या घरचं टेबल, पायाखाली पुठ्ठा घालून जेवतोय तीन पिढ्या. आणि ह्याने ती फळी कापली कशासाठी? कुत्र्यासाठी!”

कुत्रा त्या डुगडुगत्या टेबलाखालीच पसरला होता. त्याचं डोकं एका खुर्चीखाली, शेपूट दुसऱ्या खुर्चीखाली आणि पाय उरलेल्या सगळ्या घरात. धाकट्याने लाकडाच्या वखारीजवळून उचलून आणला तेव्हा तो दोन तळहातांत मावत होता. मग त्याचे पाय वाढत गेले आणि बाकीचा कुत्रा मागे राहिला. नाव पडलं ढांग्या.

आता येत्या सोमवारी ढांग्या विमानात बसणार होता. धाकटा दोन वर्षांपूर्वी परदेशी गेला, स्वयंपाकघरातली कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात. त्याच्या बायकोचा तिकडे राहायचा परवाना आता कुठे आला होता. धाकटीने त्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, “ढांग्या येणार असेल तर मी जाणार.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. ती पोरगी कमी बोलते आणि बोललेलं मागे घेत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सुनांमधला हा गुण त्यांना मनातून आवडायचा आणि तोंडाने खपायचा नाही.

धाकटी दवाखान्यात नोंदी ठेवायच्या कामावर होती, त्यामुळे कागद हा तिचा जीव की प्राण. सहा महिने तिने कुत्र्याची फाइल सजवली. आधी खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाएवढी चिप. मग रेबीजची लस. हा क्रम उलटला तर लस झाली तरी झाली नाही असं धरतात म्हणे. मग महिन्याने रक्त काढून प्रयोगशाळेत, मग निकाल, मग तीन महिने नुसती वाट. शेवटी निघण्याच्या आधी दहा दिवसांच्या आतला डॉक्टरांचा दाखला. तोही शुक्रवारी मिळाला होता.

“माझ्या लग्नाला एक कागद लागला नाही,” बाई म्हणाल्या होत्या, “आणि पन्नास वर्षं टिकलं.”

सगळं झालं, अडलं ते पेटीवर. पंधरा दिवसांपूर्वी धाकटीने दुकानातून प्लॅस्टिकची पेटी आणली, होती त्यातली सगळ्यांत मोठी. नियम असा की कुत्रा आत सरळ उभा राहिला पाहिजे, गोल फिरता आला पाहिजे, आणि कान छताला लागता कामा नयेत. ढांग्या आत गेला, उभा राहिला, आणि त्याचे दोन्ही कान छताला लागून भिजल्या पानांसारखे वाकले.

बाईंना झालेला आनंद लपवण्यासारखा नव्हता आणि त्यांनी लपवलाही नाही. “सुताराच्या घरात प्लॅस्टिक आणलंस! बघ, कुत्र्याला लाज वाटली, मान वर करवेना त्याला.”

थोरला तेव्हा दारात उभा होता. खिशातून टेप काढून त्याने ढांग्याची उंची घेतली, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घेतली, आकडे तळहातावर लिहिले आणि खाली गेला. प्लॅस्टिकच्या पेटीचं दार काढून धाकटीने ती तशीच कोपऱ्यात ठेवली आणि ढांग्याचं जेवण त्यात वाढायला लागली. पेटीची सवय तरी होईल म्हणून.

घर वर, कारखाना खाली. मध्ये जिना. जिन्याच्या आठव्या पायरीवर बसलं की सगळा कारखाना दिसतो, आणि खालच्यांना मान मोडल्याशिवाय बसणारा दिसत नाही. ती पायरी बाईंची. दुसरं कोणी तिथे बसलं तर पॉलिशवाले काका खालून म्हणत, “उठा, सिंहासन आहे ते.”

दुखऱ्या गुडघ्यांमुळे गेले दहा दिवस बाई तिथे फिरकल्या नव्हत्या. आज चहा संपवून त्या पायरीवर येऊन बसल्या ते फळीचा हिशेब चुकता करायलाच. पण खाली पेटी उभी होती.



एकही खिळा नव्हता. खाचेत खाच अशी बसली होती की सांधा शोधायला नख फिरवावं लागलं असतं. दाराला उभ्या गजांची रांग, पितळी बिजागऱ्या. सागाचा रंग मधासारखा उतरला होता. काकांनी तेलाचा एक हात दिला होता आणि ते बाजूला उभे राहून पेटीकडे नातवाकडे बघावं तसे बघत होते.

“काय काका,” बाई वरून म्हणाल्या, “ह्यात कुत्रा बसणार की राजा?”

“कुत्राच बाई. राजाला परवडायची नाही.”

थोरल्याने वर पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याने वाचलं आणि पुन्हा पितळ पुसायला लागला. फळीचं भांडण तिथेच विरघळलं. बाई चांगल्या कामापुढे हरत आणि हरल्याचं कुणाला सांगत नसत.

दुपारी एजंट आला. जनावरं परदेशी पाठवायचं काम करणाऱ्या कंपनीचा माणूस, डोक्यावर केस नाहीत, आवाज मऊ, बगलेत टेप आणि यादी. बाई आपल्या पायरीवर, बाकी सगळं घर खाली उतरलं. थोरलीने हात पुसत पुसत नवऱ्याच्या शेजारी जागा घेतली. धाकटी फाइल छातीशी धरून उभी. ढांग्या सगळ्यांचे बूट हुंगत फिरत होता.

एजंटने पेटीला एक फेरी मारली. “वा,” म्हणाला. मग दुसरी फेरी मारली आणि काही म्हणाला नाही. आतून मापं घेतली. “मापं चोख आहेत. पाण्याची भांडी बाहेरून भरता येतात, छान.” मग त्याने पेटी एका कोपऱ्याने उचलून पाहिली. पेटी हलली नाही, एजंट हलला. “हे अख्खं लाकूड आहे?”

“मग काय अर्धं असतं का?” बाई म्हणाल्या.

“तसं नाही मावशी. अख्ख्या लाकडाला शिक्का लागतो, भट्टीत तापवल्याचा. लाकडातून कीड जाते ना इकडून तिकडे. शिक्का नसला तर उतरल्यावर तिथले लोक पेटी ताब्यात घेतात आणि जाळतात. कधी कधी इथूनच चढवत नाहीत.”

“आमच्या लाकडात कीड?” बाई दोन पायऱ्या खाली आल्या. “बावीस वर्षं वाळलंय हे! कीड आली असती तर म्हातारी होऊन मेली असती आत!”

पॉलिशवाल्या काकांना खोकला आला. एजंट हसला नाही. “मला पटतंय मावशी. पण शिक्का मी नाही बघणार, ते बघणार.”

“तापवून आणू,” थोरला म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.

“भट्टीवाल्याकडे तीन आठवड्यांची रांग आहे. आणि ही जोडलेली, तेल दिलेली. तापवली तर सांधे सुटतील ना? वजनही फार आहे.” एजंटने यादीची घडी केली. “प्लायची करा. प्लायला शिक्का लागत नाही. ती कारखान्यातच तापवून, दाबून तयार होते. मी गुरुवारी पुन्हा येतो. गुरुवारी पेटी पास झाली नाही तर सोमवारची जागा मला सोडावी लागेल. पुढची मग केव्हा मिळेल, सांगता येत नाही. आणि तोवर डॉक्टरांचा दाखला शिळा.”

तो गेला. कारखान्यात कोणी हललं नाही. भुसासुद्धा खाली बसायचा थांबला असावा.

प्लाय हा शब्द त्या छताखाली चार वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. चार वर्षांपूर्वी धाकट्याने प्लायची कपाटं करू म्हटलं, बापाने नाही म्हटलं, धाकट्याने पटाशी खाली ठेवली आणि बाहेरगावी काम धरलं. महिनाभरात बाप गेला, तेव्हा तो आला, बारा दिवस राहिला, भावाशी दोन वाक्यं बोलला. मग परदेशी. तेव्हापासून दोघा भावांची खुशाली बायकांच्या तोंडून इकडची तिकडे जात होती.

“बाहेरून करून घेऊ,” धाकटी हळूच म्हणाली. “समोरच्या गल्लीत प्लायवाला आहे, तो दोन दिवसांत देईल.”

“बाहेरून?” बाईंचा आवाज चढला. “आमच्या घरच्या कुत्र्याची पेटी परका सुतार करणार? उद्या म्हणशील तिरडीही तोच बांधेल.”

“मग काय करू आई? तुम्हीच सांगा.” धाकटीचे डोळे भरले, पण आवाज सरळ होता. “ढांग्याला सोडून मी जाणार नाही. त्याचं आहे ते कुत्रं. दोन वर्षं रोज फोनवर आधी त्याला बघायचं असतं, मग मला.”

“अहो,” थोरली नवऱ्याकडे वळली, “करा ना तुम्हीच. चार तर बाजू आहेत.”

थोरल्याने पितळ पुसायचं फडकं नीट घडी करून ठेवलं. “मी प्लायला हात लावणार नाही.”

“का?”

“बाबांनी सांगितलंय म्हणून.”

“बाबांनी सांगितलंय म्हणून तुम्ही सख्ख्या भावाची बायको इथे ठेवणार?” एकोणीस वर्षांत थोरली नवऱ्यावर कारखान्यात, काकांदेखत, पहिल्यांदा ओरडली. ती चार पावलं चालून धाकटीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. एका घरात दोन बाजू पडल्या. एकीकडे दोघी सुना आणि कुत्रा, दुसरीकडे थोरला एकटा, पाठीमागे सागाची पेटी. काकांनी दोन्हींच्या मध्ये डबा शोधायला सुरुवात केली, जो त्यांच्या हातातच होता.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. एरवी बाई थोरल्याच्या बाजूला गेल्या असत्या. नेहमी जात. म्हणून तर त्याला एकट्याने उभं राहायची भीती वाटत नव्हती.

बाई उरलेल्या पायऱ्या उतरल्या. गुडघे दुखत होते, पण ही गोष्ट वरून सांगण्यासारखी नव्हती.

“बाबांनी नाही सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं.”

“काय?”

“प्लाय नको हे. तुझे बाबा तयार होते. धाकट्याने कपाटाचं एक दार करून आणलं होतं नमुन्याला. हे तीन दिवस त्या दारावरून हात फिरवत बसले. म्हणाले, पोराने काहीतरी नवीन केलंय. चौथ्या दिवशी मी म्हटलं, या कारखान्यात प्लाय आली तर मी ह्या जिन्यावरून खाली उतरणार नाही. मग त्यांनी नाही म्हटलं. शब्द त्यांचे, बोलणारी मी.”

थोरला आईकडे बघत राहिला. “का पण?”

“तुझ्यासाठी.” बाईंनी पेटीच्या कडेवर हात टेकवला. “तो चटपटीत. प्लायची दोन कपाटं दिवसाला उभी केली असती त्याने. तुझी एक खुर्ची आठ दिवस चालते. दोन वर्षांत तो मालक झाला असता आणि तू त्याच्या हाताखाली. थोरला धाकट्याच्या हाताखाली, ते मला बघवलं नसतं. जे पारडं हलकं होतं त्यात मी जाऊन बसले. आईने दुसरं काय करायचं?”

“आई,” धाकटी म्हणाली, “मी चार वर्षं बाबांच्या फोटोशी भांडतेय.”

“भांडलीस ते बरं केलंस. त्यांना सवय होती.” बाई तिच्याकडे न बघता बोलल्या. मग मात्र वळल्या. “चुकलं म्हणायला मी खाली उतरले नाहीये. उतरले ते एवढ्यासाठी, की जिने नको म्हटलं तिनेच आता आण म्हटलं पाहिजे. थोरल्या, आण.”

थोरल्याला काय वाटलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चार वर्षं तो बापाच्या शब्दाला जागत होता, आणि तो शब्द बापाचा नव्हताच. राग यायला हवा होता. पण खांद्यावरचं ओझं कुणीतरी पलीकडून धरल्यावर जसं वाटतं तसं काहीसं त्याला वाटत होतं, आणि ते रागाशी जुळेना. प्लायवाल्याने त्याला दुकानात शिरताना पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

“वाट चुकलात?”

“चार तक्ते द्या,” थोरला म्हणाला. “हसून झालं की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तक्ता कापला आणि त्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली. वरच्या पदराच्या कपच्याच कपच्या. थोरल्याने करवतीला धार लावून दुसरा कापला, तीच गत. तीस वर्षं लाकडाने त्याचं ऐकलं होतं. हे लाकूड ऐकतच नव्हतं. हे लाकूडच नव्हतं, पातळ पदर चिकटवून केलेली समजूत होती ती.

“काका,” तो म्हणाला, “ह्याला रेषा कुठल्या दिशेने जातात?”

“सगळ्या,” काका म्हणाले. “म्हणून तर भरवसा नाही.”

धाकटी कामावर जायला निघाली होती. जिन्यावरून तिने त्या कुरतडलेल्या कडा पाहिल्या. दिराला विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, म्हणून तिने विचारलं नाही, फोटो काढला आणि पाठवून दिला. फोन लगेच वाजला. तिने तो खाली नेऊन लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याला टेकवून ठेवला, आणि दोघा भावांना एकमेकांसमोर सोडून निघून गेली.

पडद्यावर धाकटा होता, केस विस्कटलेले, मागे अंधारलेली खिडकी.

“दादा.”

“हं.”

“करवत कुठली घेतलीस?”

“नेहमीची.”

“नेहमीची नाही चालायची. बारीक दातांची घे. रेघेवर चिकटपट्टी लाव आणि पट्टीसकट काप. कपच्या उडत नाहीत. आणि चांगली बाजू वर ठेव.”

“चांगली बाजू आहे का हिला?”

बाई आठव्या पायरीवर मटार सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. मग फोनमधून हसू आलं, आधी नाकातून, मग सगळं.

“आहे रे. नीट बघितलीस तर आहे.”

थोरल्याने चिकटपट्टी लावली. कड सुरीने कापल्यासारखी सरळ आली. तो बराच वेळ त्या कडेवर अंगठा फिरवत राहिला.

“हे कुठे शिकलास?”

“चुकून चुकून. इथे पहिल्या आठवड्यात अकरा तक्ते वाया घालवले. मुकादम रोज यायचा, बघायचा, आणि काही न बोलता जायचा. मला तर तुझीच आठवण यायची.”

“मी बोलतो.”

“कधी?”

“आत्ता बोलतोय की.”

त्यानंतर दोन दिवस तो फोन शिकंज्याला टेकून राहिला. धाकट्याच्या कामाच्या वेळा सोडल्या तर कारखान्यात दोन आवाज होते. कोपऱ्यात आतून पट्टी दे, पण अख्ख्या लाकडाची नको, नाहीतर तिलाही शिक्का मागतील, प्लायचीच कापून दे. खिळे नको, स्क्रू. तळाला पत्र्याचं ताट, वर शोषून घेणारा कागद. चारही बाजूंना हवेची भोकं, वरच्या बाजूला जास्त. थोरला एकेक ऐकत होता, आणि मध्येच म्हणत होता, “ते नाही, इथे असं करू,” आणि पलीकडून येत होतं, “अरे हो, हे बरंय.” बाईंना मटार सोलायला इतका वेळ आयुष्यात कधी लागला नव्हता. सागाच्या पेटीत थोरलीने पांघरुणं भरून टाकली होती. रिकामी ठेवली तर नवरा तिच्याकडे बघत बसेल, असं तिचं म्हणणं.

बुधवारी दुपारी भोकं पाडून झाली. छप्पन्न भोकं. थोरल्याने पॉलिश पेपर बोटाला गुंडाळला आणि पहिल्या भोकाची कड घासायला घेतली. मग दुसऱ्याची.

“दादा, ते राहू दे,” फोन म्हणाला. “भोकं कोण बघतंय? एजंट फक्त मोजतो.”

“ढांग्या बघणार.”

“काय?”

“पूर्ण दिवसभर आतच असणार ना तो. त्याला बाहेरचं तेवढंच दिसणार. नाक लावणार तो प्रत्येक भोकाला.” थोरला घासतच होता. “कपची गेली नाकात तर तिथे कोण काढणार?”

पडद्यावरचा धाकटा बाजूला झाला. पडद्यात नुसती खिडकी दिसत राहिली. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

बाईंनी मटारचं ताट खाली ठेवलं. उठल्या, उतरल्या, काकांच्या डब्यातून पेपरचा एक तुकडा फाडून घेतला आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं घासकाम त्यांच्याकडेच होतं. बोटं विसरली नव्हती.

“आई, तू कशाला?”

“गप बस. तू तिकडून ये, मी इकडून येते. सव्वीस मी घेतलीत.”

“छप्पन्नचे निम्मे अठ्ठावीस,” फोन म्हणाला.

“मला हिशेब शिकवू नको. दोन त्याला जास्त. फळी कापली ना विचारल्याशिवाय.” मग त्या फोनकडे वळल्या आणि डोळे बारीक करून पाहिलं. “आणि तू रे, काय वाळलायस. कपाटं करतोस आणि त्यात खायला काही ठेवत नाहीस का?”

“येतेय ना आता ती. आणि ढांग्या.”

“त्याला घास दिलास तर तुझ्या वाट्याला काही उरायचं नाही.” एवढं बोलून बाई भोकाकडे वळल्या. पुढचं वाक्य त्यांनी त्या भोकालाच सांगितलं. “तुझं ते दार चांगलं होतं. कपाटाचं. मी बघितलं होतं ह्यांच्या मागून.”

पलीकडून “बरं, आई,” एवढंच आलं. पण ते ज्या आवाजात आलं तो बाईंनी तो शाळेत जायचा तेव्हापासून ऐकला नव्हता.

गुरुवारी एजंट वेळेवर आला. धाकटीने अर्धा दिवस रजा टाकली होती. थोरलीने कालपासून नवऱ्याशी पुन्हा बोलायला सुरुवात केली होती आणि ते सगळ्यांना कळावं म्हणून जरा मोठ्याने बोलत होती. फोन शिकंज्याला टेकलेला. तिकडे पहाट व्हायची होती, धाकटा पांघरूण अंगावर ओढून जागा बसला होता.

पेटी फिकट रंगाची, साधी. बघून कोणी वा म्हणालं नसतं. दारावर ढांग्याचा फोटो, त्याखाली नाव, दोन्ही बाजूंना जिवंत जनावर असल्याची पाटी आणि वरच्या दिशेचे बाण. आत धाकट्याचा जुना सदरा अंथरलेला. धाकटीने तो दोन वर्षं न धुता ठेवला होता. बाईंना हे आत्ता कळलं. त्यांनी नाक मुरडलं, पण तोंडाने काही म्हटलं नाही.

एजंटने मापं घेतली. स्क्रू हाताने पिळून पाहिले. पेटी उचलली, ती उचलली गेली. हलवली, वाजली नाही. मग त्याने यादीत नव्हतं ते केलं. एका भोकात करंगळी घालून फिरवली. मग शेजारच्या भोकात. मग वाकून पेटीच्या मागच्या बाजूच्या, भिंतीकडच्या, कुणी बघणार नाही अशा खालच्या भोकात.

“कुत्रा आणा,” तो म्हणाला.

आणायला लागला नाही. पंधरा दिवस पेटीत जेवून पेटी म्हणजे जेवण असं ढांग्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो आत शिरला, जेवण नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग सदरा लक्षात आला. तो उभा राहिला. कान छतापासून चार बोटं खाली, ताठ. मग हुंगत हुंगत एक गिरकी घेतली, अर्धी आणखी घेतली, सदऱ्यावर धपकन बसला आणि नाक समोरच्या भोकाला लावलं. गोल भोकातून ओलं काळं नाक बाहेर आलं आणि तिथेच राहिलं.

“पास,” एजंट म्हणाला आणि सही केली.

धाकटीने थोरलीला मिठी मारली, फाइल दोघींच्या मध्ये चिरडली. फोनमध्ये धाकटा “दादा, दादा” असं काहीतरी ओरडत होता. काका डोळे पुसत म्हणाले की भुसा गेला, आणि त्या दिवशी कारखान्यात भुसा उडाला नव्हता.

एजंट निघताना थोरल्याजवळ थांबला. “वीस वर्षांत अशी पेटी नाही बघितली. नेमकी कुणी केली? मला बाकीच्यांना नाव सांगता येईल.”

थोरला वाकून ढांग्याच्या नाकावर बोट टेकवत होता.

“ह्यानेच केलीय,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी थोरल्याच्या कोपराला धरून त्याला सरळ उभं केलं आणि स्वतःकडे वळवलं. तो आता त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता, पण बाईंच्या समोर उभं राहिलं की तो कमी उंच व्हायचा.

“इकडे बघ. तीस वर्षं मी समजत होते की तुझं काम चांगलं, कारण आपलं लाकूड चांगलं. म्हणून भीत होते. लाकूड बदललं तर हा उघडा पडेल असं वाटायचं. बाजारातली चार तक्त्यांची प्लाय, आणि त्यात कुत्र्याच्या नाकाला लागेल म्हणून भोकं घासत बसलास. मी भीत होते ते फुकट. तू सुतार आहेस. लाकडाचा त्यात काही संबंध नव्हता.”